22 पैकी 15 महिने

अमेरिकेतल्या कुटुंब न्यायालयाचा एक आदेश असा आहे की तो निघाल्यावर जन्मदात्री आई कायद्याच्या दृष्टीनं मुलाची कोणीच उरत नाही. मुलाला भेटण्याचा तिचा हक्क जातो, त्याच्या शस्त्रक्रियेला संमती देण्याचा जातो, प्रगतिपुस्तकावर सही करण्याचा जातो. ते कुठे राहतं हे विचारण्याचाही जातो. दत्तक घेणाऱ्यांनी त्याचं नाव बदललं, त्याला दुसऱ्या राज्यात नेलं, तरी तिला कळवायला कोणी बांधील नसतं. घटस्फोटात मुलाचा ताबा जाणं याच्यापुढे किरकोळ म्हणायचं. ताबा गेलेला बाप शनिवार-रविवारी मुलाला घेऊन जातो, पोटगी भरतो, परिस्थिती पालटली की पुन्हा अर्ज करतो. इथे अर्ज करण्यापुरतंही नातं शिल्लक राहत नाही. ‘पालकत्वाचे हक्क संपुष्टात आणणं’ असं या आदेशाचं कोरडं नाव आहे. तिथले वकील त्याला दिवाणी कायद्यातली फाशी म्हणतात.

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलाला टाकून निघून जाणं, व्यसनापायी वर्षानुवर्षं केलेली हेळसांड, अशा कारणांनी हा आदेश निघाला तर कोणी फारसं हळहळत नाही. पण न्यूयॉर्क, नेब्रास्का आणि इतर अनेक राज्यांच्या कायद्यांत याच यादीत आणखी एक कारण बसलेलं आहे: पालकाचा मानसिक आजार. या कारणासाठी पालकानं मुलावर हात उगारलेला असण्याची गरज नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ. तिथल्या समाजसेवा कायद्याच्या 384-ब या कलमानुसार, आजारामुळे ही व्यक्ती आज मुलाचा नीट सांभाळ करू शकत नाही आणि पुढचं जितकं दिसू शकतं तितक्या काळात करू शकणार नाही, हे सिद्ध झालं की पुरे. मूल त्याआधी वर्षभर सरकारच्या देखरेखीत असलं पाहिजे. न्यायालय एक मानसतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ नेमतं, तो पालकाला तपासून साक्ष देतो. पालक तपासणीला आलाच नाही, तर उपलब्ध कागदपत्रांवरून मत द्यायलाही तो मोकळा असतो.

फौजदारी न्यायालय घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा करतं. इथे निवाडा अजून न घडलेल्या गोष्टीचा आहे, आणि मानसोपचारशास्त्र नेमकं याच बाबतीत दुबळं आहे. द्विध्रुवी विकाराचा रुग्ण औषधावर दहा-दहा वर्षं नोकरी करतो, संसार करतो. दुसरा दर दीड वर्षानं रुग्णालयात दाखल होतो. स्किझोफ्रेनियाचंही तसंच. दोघांपैकी कोणाची वाट कशी जाईल हे सुरुवातीला कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. न्यायालयात मात्र त्याला मूल मोठं होईपर्यंतचं सांगायला बोलावलेलं असतं.

न्यूयॉर्कच्या याच कायद्यात एक विचित्र गाठ आहे. पालकाची सततची हेळसांड हे कारण पुढे करायचं असेल, तर बालकल्याण यंत्रणेला आधी दाखवावं लागतं की आम्ही हे कुटुंब पुन्हा एकत्र यावं म्हणून कसोशीनं प्रयत्न केले: भेटी घडवल्या, समुपदेशन दिलं, घर शोधायला मदत केली. मानसिक आजार हे कारण असेल तर अशा प्रयत्नांचा पुरावा मागितला जात नाही. कॅलिफोर्नियातही पालक मानसिक अक्षमतेमुळे मदतीचा उपयोगच करून घेऊ शकणार नाही असं दोन तज्ज्ञांनी सांगितलं, तर पुनर्मीलनाच्या सेवा मुळातच नाकारता येतात. म्हणजे जिनं मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तिला आधी हात द्यायचा, आणि जी आजारी पडली तिला द्यायचा नाही. कायदा करणाऱ्यांना हे क्रूर वाटलं नसावं. आजार हा दोष नाही, म्हणून सुधारण्यासारखंही काही नाही, असा त्यांचा हिशेब दिसतो. मला तो हिशेब फार जुन्या काळातला वाटतो.

जुना काळ म्हणजे कोणता, तेही बघितलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न न्यायालयात असा येतच नसे. मानसिक आजार असलेली बाई मनोरुग्णालयाच्या भिंतीआड असायची आणि तिची मुलं नातेवाइकांकडे किंवा अनाथालयात. काही राज्यांनी याच्याही पुढची पायरी गाठली होती. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीला ‘मंदबुद्धी’ ठरवून 1924 मध्ये अपस्मार आणि मंदबुद्धी रुग्णांसाठीच्या सरकारी वसाहतीत ठेवलं गेलं. ज्या घरी ती लहानपणापासून आश्रित म्हणून राहत होती, त्या घरच्या एका नातेवाइकानं तिच्यावर बलात्कार केला होता आणि तिला मुलगी झाली होती. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तिन्ही पिढ्या बुद्धीनं कमी आहेत, हे गृहीत धरून तो निकाल दिला गेला. ती मुलगी पुढे शाळेत गेली, तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं आणि आठव्या वर्षी ती आजारानं वारली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली.

मग भिंती पडू लागल्या. 1954 मध्ये मनोविकृतीवरचं क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेच्या बाजारात आलं. 1955 मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते; पुढच्या काही दशकांत ती संख्या झपाट्यानं घसरली. 1963 मध्ये अध्यक्ष केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठी रुग्णालयं रिकामी करायची आणि गावोगावी छोटी केंद्रं उघडायची, असा बेत होता. रुग्णालयं रिकामी झाली, केंद्रं मात्र ठरली होती तितकी कधीच उभी राहिली नाहीत. भिंतीआडची बाई घरी आली, तिनं लग्न केलं किंवा नाही केलं, पण तिला मुलं झाली. मानसिक आजार असलेल्या आईनं मूल वाढवणं ही आता रोजची गोष्ट झाली होती, आणि तिच्या मदतीला कोण, हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

त्याच सुमारास कायद्यानं रुग्णाला आणखी एक गोष्ट दिली. केनेथ डोनाल्डसन नावाच्या गृहस्थांना फ्लोरिडातल्या मनोरुग्णालयात जवळजवळ 15 वर्षं त्यांच्या मर्जीविरुद्ध ठेवलं होतं. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जो कोणाला धोकादायक नाही आणि बाहेर स्वतःच्या किंवा आप्तांच्या बळावर राहू शकतो, त्याला केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोंडून ठेवता येणार नाही. औषध नाकारण्याचा हक्कही राज्याराज्यांतल्या निकालांनी हळूहळू मान्य केला. या सगळ्याचा अर्थ एका आईसाठी असा झाला: गोळ्या घ्यायच्या की नाहीत हे तिनं ठरवायचं, तिच्यावर सक्ती नाही. पण तिनं त्या घेतल्या नाहीत तर तिचं मूल सरकार उचलून नेऊ शकतं, आणि तेच नकाराचं पान पुढे न्यायालयात तिच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. एका इमारतीत जो हक्क म्हणून मिळतो तो दुसऱ्या इमारतीत पुरावा होतो.

या प्रकरणाच्या मथळ्यातला आकडा 1997 सालचा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी दत्तक आणि सुरक्षित कुटुंब कायद्यावर सही केली. त्याआधीच्या 1980 च्या कायद्यानं राज्यांना बजावलं होतं की मूल घराबाहेर काढण्याआधी आणि काढल्यानंतर कुटुंब टिकवण्याचे वाजवी प्रयत्न करा. प्रत्यक्षात झालं असं की हजारो मुलं वर्षानुवर्षं या फॉस्टर घरातून, म्हणजे सरकारनं तात्पुरत्या सांभाळासाठी नेमलेल्या घरातून, त्या फॉस्टर घरात फिरत राहिली. आईकडे परत नाही आणि कोणाची दत्तकही नाही. काही मुलं घरी परत पाठवली गेली आणि तिथे मारली गेली. 1997 च्या कायद्यानं घड्याळ लावलं. गेल्या 22 महिन्यांपैकी 15 महिने मूल फॉस्टर घरात असेल, तर राज्यानं पालकत्वाचे हक्क संपवण्याचा अर्ज दाखल केलाच पाहिजे. अपवाद तीन: मूल नातेवाइकाकडे असणं, अर्ज न करण्याला सबळ कारण असणं, किंवा राज्यानंच ठरलेली मदत वेळेत न पुरवणं.

15 महिने पुरेसे वाटतात. पण मानसिक आजाराचा कालक्रम मांडून बघा. प्रसूतीनंतर किंवा एखाद्या आघातानंतर झटका येतो, मूल काढून नेलं जातं. तातडीच्या रुग्णालयात काही दिवस किंवा दोन-तीन आठवडे. मग बाह्यरुग्ण विभागाची प्रतीक्षायादी. पहिलं औषध लागू पडतं की नाही हे कळायला सहा-आठ आठवडे. पडलं नाही तर दुसरं, कधी तिसरं. दरम्यान नोकरी गेलेली, भाडं थकलेलं. बऱ्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेड, चालत नाही. टेक्ससमध्ये तर मूल घरात नसलेल्या प्रौढ व्यक्तीला, गरोदरपण, अपंगत्व, म्हातारपण असं दुसरं कारण नसेल तर, हा विमा सहसा मिळतच नाही. ज्या आईला मूल परत मिळवण्यासाठी उपचार घ्यायला सांगितलं आहे, तिचं विम्याचं छत्र मूल गेल्यामुळेच धोक्यात येतं. आणि ती सावरायला लागते तेव्हा बारावा-तेरावा महिना उजाडलेला असतो.

उपचार घेतले नाहीत, हे वाक्य निकालपत्रात एका ओळीत येतं. त्या ओळीमागे निरनिराळ्या बायका असतात. स्किझोफ्रेनियात अनेक रुग्णांना आपण आजारी आहोत हेच जाणवत नाही. हा हट्ट नव्हे, आजाराचाच भाग आहे. कोणी गरोदर राहते आणि गोळ्या बंद करते, कारण व्हॅल्प्रोएटसारख्या औषधानं गर्भात व्यंग येतं हे तिला डॉक्टरनंच सांगितलेलं असतं. लिथियम घेताना बाळाला अंगावर पाजू नये, असंही बहुधा सांगतात. तिनं बाळासाठी औषध सोडलं आणि औषध सोडल्यामुळे बाळ गेलं, असं घडतं. कोणाला औषधानं इतकी गुंगी येते की रात्री रडणारं मूल ऐकू येत नाही. आणि एक गट असा की ज्याच्याबद्दल वकील आणि समाजसेवक नेहमी बोलतात, पण कायदा करणाऱ्यांच्या भाषणांत तो क्वचितच दिसतो: डॉक्टरकडे गेलं की लेखी नोंद होते आणि नोंद झाली की मूल जातं, या भीतीनं गप्प बसणाऱ्या आया. ही भीती निव्वळ भ्रम नाही. मुलाच्या सुरक्षिततेबद्दल संशय आला तर कळवायला डॉक्टर, परिचारिका, शिक्षक कायद्यानं बांधलेले असतात. न्यू जर्सी आणि टेक्सस या दोन राज्यांत मराठी घरांची चांगलीच वस्ती आहे. तिथे तर हे बंधन शेजाऱ्यापासून पाहुण्यापर्यंत प्रत्येकावर आहे. बाळंतपणासाठी गेलेल्या सासूबाईंना किंवा आईला हे सहसा कोणी सांगितलेलं नसतं. ‘मला बाळाचं काहीतरी वाईट होईल असे विचार येतात’ हे वाक्य भारतात मावशीपाशी बोललं जातं आणि तिथे दवाखान्याच्या प्रश्नावलीत, या फरकाचं ओझं एकट्या पडलेल्या सुनेवर असतं.

आता दुसरी बाजू. ती पहिल्यापेक्षा हलकी नाही.

2001 च्या जूनमध्ये टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ एका आईनं आपल्या पाच मुलांना घरातल्या टबमध्ये बुडवून मारलं. दोन वर्षांपूर्वी तिनं आत्महत्येचे प्रयत्न केले होते, आणखी मूल होऊ देऊ नका असा डॉक्टरांनी इशारा दिला होता, घटनेच्या काही दिवस आधी तिचं मुख्य औषध बंद केलेलं होतं. आधी जन्मठेप झाली. 2006 मध्ये दुसऱ्या खटल्यात वेडाच्या कारणानं तिला निर्दोष ठरवून रुग्णालयात पाठवलं गेलं. प्रसूतीनंतर येणारी तीव्र मनोविकृती दर हजार प्रसूतींमागे एक-दोन बायकांना होते, वेळेत उपचार मिळाले तर बहुतेकजणी पूर्ण बऱ्या होतात, आणि मुलाला इजा होण्याचे प्रसंग त्यांतही विरळा. तरीही विरळा म्हणजे शून्य नव्हे. न्यायाधीशापुढे फाईल येते तेव्हा त्याच्या डोक्यात ह्यूस्टन नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे.

पण अशा घटनांवर फार रेंगाळू नये, कारण बहुतेक खटले त्या जातीचे नसतातच. ते असतात फ्रिज रिकामा असण्याचे, सहा वर्षांच्या मुलीनं धाकट्या भावाला दूध पाजण्याचे, खिडक्यांना महिनोन्महिने वर्तमानपत्रं चिकटवलेली असण्याचे, शाळेत न पाठवण्याचे, कारण शाळेतले लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी आईची खात्री झालेली असते. अशा घरात वाढलेली मुलं लवकर मोठी होतात. आईचा चेहरा पाहून आजचा दिवस कसा जाणार हे ती ओळखायला शिकतात. त्यांच्या वाट्याला आलेलं बालपण कोणीही आपल्या मुलासाठी मागणार नाही, आणि ‘आई बिचारी आजारी आहे’ या उत्तरानं त्यांचं पोट भरत नाही.

मुलांच्या बाजूनं सर्वांत प्रभावी युक्तिवाद 1973 मध्ये तीन माणसांनी मांडला: कायदेपंडित जोसेफ गोल्डस्टीन, मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि बालमानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट सॉल्निट. मोठ्यांचा काळ आणि मुलाचा काळ वेगळा असतो, दोन वर्षांच्या मुलासाठी सहा महिने ही पाव हयात असते. आणि मुलाचा खरा पालक म्हणजे जो त्याला रोज भरवतो, उचलतो, झोपवतो तो, मग रक्ताचं नातं असो वा नसो. 1997 च्या घड्याळामागे हीच समज आहे. गंमत अशी की जवळीक तुटल्यानं मुलावर होणाऱ्या परिणामांचा मूळ अभ्यास, जॉन बोल्बी यांचा 1951 चा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल, आईपासून मूल तोडू नका हे सांगण्यासाठी जन्माला आला होता. आज दोन्ही पक्षांचे वकील त्याच शास्त्राचा आधार घेतात. सरकारी वकील म्हणतो, मूल दोन वर्षं फॉस्टर आईकडे आहे, तिच्यापासून तोडलं तर इजा होईल. आईचा वकील विचारतो, दोन वर्षं तिकडे ठेवलं कोणी? न्यू जर्सीनं 2021 मध्ये आपल्या कायद्यातलं एक वाक्यच काढून टाकलं. फॉस्टर पालकांपासून तुटण्याची इजा हे आईविरुद्धचं कारण म्हणून हक्क संपवण्याच्या एका कसोटीत मोजायचं नाही, असं ठरलं. दोन वर्षांनी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुसऱ्या एका कसोटीत त्या नात्याचा विचार अजूनही करता येईल. हे नातं पुढच्या दारानं बाहेर काढलं की मागच्या दारानं परत येतं. मूल खरंच तिथे रुळलेलं असतं, म्हणून येतं.

पुराव्याचं वजन किती हवं, हेही बरंच उशिरा ठरलं. न्यूयॉर्कमधल्या अल्स्टर परगण्यातून आलेल्या सँटोस्की खटल्यात 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की पारडं जरासं एका बाजूला झुकलं एवढ्यावर कोणाचं पालकत्व संपवता येणार नाही. पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा. त्याच्या आदल्याच वर्षी मात्र याच न्यायालयानं, पुन्हा पाच-चारनंच, म्हटलं होतं की अशा खटल्यात गरीब पालकाला सरकारी खर्चानं वकील दिलाच पाहिजे असं नाही, प्रत्येक खटल्यात परिस्थिती बघून ठरवा. बहुतेक राज्यांनी नंतर आपापल्या कायद्यानं वकिलाची सोय केली. सुनावणीच्या पाच मिनिटं आधी कॉरिडॉरमध्ये भेटणारा वकील, एवढ्यावरच ती सोय काही ठिकाणी थांबते.

अपंगत्वाच्या कायद्यानं यात काही फरक पडला का? 1990 च्या अमेरिकी अपंगत्व कायद्यात मानसिक आजारही येतो आणि सरकारी यंत्रणांनी भेदभाव करू नये असं त्यात बजावलेलं आहे. पण अनेक राज्यांच्या न्यायालयांनी म्हटलं की हक्क संपवण्याच्या खटल्यात हा बचाव चालणार नाही. इथे प्रश्न मुलाचा आहे. 2012 मध्ये राष्ट्रीय अपंगत्व परिषदेनं या विषयावर सविस्तर अहवाल काढला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश राज्यांच्या कायद्यांत पालकाचं अपंगत्व हे अपात्रतेचं कारण म्हणून नोंदलेलं होतं. 2015 च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या न्याय आणि आरोग्य खात्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या बालकल्याण विभागाला दोषी धरलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुण आईचं बाळ विभागानं जन्मानंतर दोनच दिवसांत काढून नेलं होतं. तिचे आईवडील मदतीला तयार होते, तरी तिच्या गतीनं तिला शिकवण्याचा प्रयत्न झाला नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर ते बाळ घरी आलं. 2018 मध्ये आलेल्या कायद्यानं पहिल्यांदाच मूल घराबाहेर काढण्याआधी पालकाच्या मानसिक उपचारांवर केंद्राचा फॉस्टर निधी वापरायला मुभा दिली, वर्षभरापुरती. 1955 पासून मोजलं तर बराच उशीर झाला म्हणायचा.

आणि हक्क संपले तरी मुलाला घर मिळतंच असं नाही. आई कायद्यानं गेली, दत्तक घ्यायला कोणी आलं नाही, अशा मुलांना तिथे ‘कायदेशीर अनाथ’ म्हणतात. यांतली काही मुलं अठराव्या वर्षी व्यवस्थेबाहेर पडल्यावर शोधत शोधत त्याच आईच्या दारी जातात. कॅलिफोर्नियानं 2005 मध्ये एक वाट उघडली: दत्तक गेलं नाही, तर ठरावीक काळानंतर मुलाच्या अर्जावरून आईचे हक्क परत जिवंत करता येतात. पुढे बऱ्याच राज्यांनी तिचं अनुकरण केलं. फाशी म्हणावी अशा शिक्षेला परतीचं दार असावं लागतं, यावरून आधीच्या भाकितांचं काय झालं असेल याचा अंदाज येतो.

युरोपात दिशा वेगळी आहे, निदान कागदावर. फिनलंडमधल्या एका महिलेला मनोविकृतीचे झटके येत आणि ती अनेकदा रुग्णालयात राहून आली होती. 1993 च्या जूनमध्ये तिला मुलगी झाली आणि प्रसूतिगृहातूनच बाळ काढून नेलं गेलं. 2001 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानं निकाल दिला: मूल सरकारी देखरेखीत घेणं या परिस्थितीत समर्थनीय होतं, पण जन्मल्या क्षणी बाळ हिरावणं नव्हतं. ती गरोदर आहे हे यंत्रणेला महिनोन्महिने आधी माहीत होतं, दुसरा मार्ग शोधायला वेळ होता. आणि नंतरच्या वर्षांत कुटुंब एकत्र आणण्याचे गंभीर प्रयत्न झाले नाहीत, हाही भंगच ठरला. या निकालाची खुबी अशी की आईचा आजार खरा होता आणि धोका खरा होता हे मान्य करूनही सरकारनं काय केलं याची त्यानं तपासणी केली.

भारतात ‘पालकत्वाचे हक्क संपवण्याचा’ असा खटला नसतो. आई आजारी पडली तर मूल बहुधा आजीकडे, मामाकडे, आत्याकडे जातं, कागदावर काहीच बदलत नाही. मानसिक आजाराचा उल्लेख न्यायालयात होतो तो जास्त करून घटस्फोटाच्या अर्जात. 1988 मध्ये रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नुसतं स्किझोफ्रेनिया हे निदान पुरेसं नाही; तो किती तीव्र आहे आणि एकत्र राहणं अशक्य करणारा आहे का, हे बघावं लागेल. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे जातो. मानसिक आजार आहे म्हणून ती व्यक्ती ‘अस्थिर मनाची’ ठरत नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलं आहे. एकविसाव्या कलमात तर आईसाठी खास तरतूद आहे: मनोरुग्णालयात दाखल झालेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. धोका असेल तर तात्पुरतं करता येईल, पण त्या निर्णयाचा दर 15 दिवसांनी फेरविचार व्हायला हवा, आणि सलग 30 दिवसांपेक्षा जास्त दूर ठेवायचं तर संबंधित मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी हवी. यासाठी मूल ठेवायला जागा लागते. बंगळुरूच्या निमहान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. ही कल्पना इंग्लंडमध्ये 1948 मध्ये थॉमस मेन यांनी कॅसल रुग्णालयात सुरू केली होती. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. एकविसावं कलम त्यांनाही तितकंच लागू आहे.

पण आपल्याकडेही एक ओळ आहे, आणि ती दुसऱ्याच कायद्यात आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार पालक मुलाचा सांभाळ करायला अपात्र किंवा असमर्थ असल्याचं जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला आढळलं, तर ते मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. इथवर ठीक; समितीनं परिस्थिती बघायची आहे. अडतिसाव्या कलमाचं तिसरं उपकलम मात्र सांगतं की मतिमंद पालकांचं मूल समिती दत्तकासाठी मोकळं जाहीर करू शकते, अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी. पालकाला काय जमतं, काय शिकवलं तर जमेल, घरात आणखी कोण आहे, याचा त्या ओळीत शब्द नाही. 2009 मध्ये याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीला मूल हवं आहे हे ऐकून तिच्या गर्भपाताचा आदेश थांबवला होता. 2007 मध्ये भारतानं मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या तेविसाव्या अनुच्छेदात तर लिहिलं आहे की मुलाच्या किंवा पालकाच्या अपंगत्वामुळे त्यांना कधीही वेगळं करू नये. 2016 च्या आपल्या दिव्यांग हक्क कायद्यानं यातलं मुलाचं अपंगत्व घेतलं आणि पालकाचं गाळलं. 2021 मध्ये बाल न्याय कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा दत्तकाच्या अंतिम आदेशावर न्यायाधीशाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांची सही आली. अडतिसाव्या कलमातली ती ओळ तशीच राहिली.